क्रमांक तीनचा कागद

प्रिय रंगारी,

मायन्यातच अडलो. तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्यापेक्षा अवघा चौदा महिन्यांनी मोठा, शिवाय तुझे एकंदर गुण पाहता तुझा तीर्थाशी संबंध जोडवत नाही. चिरंजीव म्हणावं तर वहिनी रागावतील. तेव्हा चोवीस वर्षं स्टाफरूममध्ये ज्या नावाने हाक मारली तेच चालू ठेवतो. साष्टांग घालणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून बसल्या जागेवरूनच नमस्कार घे. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही तसंच असेल असं धरून चालतो. वहिनींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, ते चित्रांचं जड खोकं यालाच उचलायला लावा, हे मी सामान हलवलं त्याच दिवशी बोललो होतो. तुझ्या कानांचं मुद्दाम विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. परवा फोन केला तेव्हा मी तीनदा माझं नाव सांगितलं आणि तू 'नको, आमच्याकडे आहे' म्हणून फोन ठेवून दिलास. (काय आहे तुमच्याकडे?) त्यामुळे हा पत्राचा उद्योग.

आता मुद्दा. मुद्दा असा की तू माझा घात केला आहेस आणि त्यापायी माझी दहावी जायची वेळ आली आहे. माझी म्हणजे मी शिकवतो ती. माझी स्वतःची मी कशीबशी पास झालो होतो. दचकू नकोस आणि वहिनींनाही लगेच वाचून दाखवू नकोस, आधी पूर्ण वाच. तुझा शाळेतला शेवटचा दिवस आठव. आठवत नसेल, कारण त्या दिवशी तुझं सगळं लक्ष सामानाच्या ट्रककडे होतं. त्याच दिवशी नव्या मुख्याध्यापिका बाईंनी हॉलमध्ये सहकारी अध्ययनाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. निवृत्त होणाऱ्या माणसाला प्रशिक्षण कशाला, असं तू विचारलंस, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की पंचवीसची संख्या भरायला. आपण पंचवीस जण, पाच-पाचांचे पाच गट, प्रत्येक गटात एक ते पाच क्रमांक. या पद्धतीत शिक्षकाने फळ्यापुढे उभं राहून बोलत सुटायचं नाही. धडा पाच भागांत कापायचा. सगळ्या गटांतले क्रमांक एक एका टेबलाला जमून पहिला भाग पक्का करतात, क्रमांक दोन दुसऱ्या टेबलाला दुसरा, आणि मग जो तो आपल्या गटात परत जाऊन आपला भाग बाकीच्या चौघांना शिकवतो. प्रशिक्षक बाईंनी ही पद्धत आपल्याला त्याच पद्धतीने शिकवली, म्हणजे पद्धतीचेच पाच भाग केले. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं.

मी होतो टेबल चारवर. आमचा भाग, गटातला आवाज किती असावा. (टेबलाला एकच कागद, कारण छापताना कमी पडले.) टेबल तीनवर होता तू, कवायतीचे सर, ग्रंथपाल बाई, संगणकाचे सर आणि खुद्द मुख्याध्यापिका बाई. कागद तुझ्या हातात होता. आम्ही चौथ्या टेबलावर आवाज कमी कसा ठेवावा यावर डोकी खाजवत होतो आणि तिसऱ्या टेबलावरून हसण्याचे स्फोट ऐकू येत होते. मला वाटलं तिसरा भाग बहुधा आनंददायी शिक्षणाचा असावा. नंतर कळलं की तू कवायतीच्या सरांच्या फाइलीवर प्रशिक्षक बाईंचं घंटी वाजवतानाचं चित्र काढत होतास, आणि कागद कुणीच वाचला नव्हता. सोपं आहे, जेवणानंतर सगळ्यांना समजावून सांगतो, असं तू भारदस्तपणे जाहीर केलंस. जेवणानंतर ट्रक आला. तू गेलास. प्रशिक्षक बाईंनी तिसरा भाग झाला का विचारलं, तेव्हा टेबल तीनमधल्या उरलेल्या चौघांपैकी एकाने (पदाचा मान राखून कोण ते लिहीत नाही) झाला झाला म्हणून मान हलवली, आणि आम्ही एक, दोन, चार, पाच अशी पद्धत शिकून घरी गेलो.

मी काही हौसेने या फंदात पडलो नाही, हे तुला सांगायला नको. सव्वीस वर्षं माझ्या तासाला टाचणी पडली तर तिने माझी परवानगी घेतली असती. मुलांनी मला 'गप्पबसा' ही पदवी दिली आहे ती काही उगीच नाही. पण हुकूम आला होता. मी मनात ठरवलं होतं की दोन आठवडे करायचं, नीट फसू द्यायचं, आणि मग 'बघा, मी म्हणत नव्हतो?' एवढं वाक्य सावकाश चवीने म्हणायचं. भिंगांचा धडा घेतला, पाच भाग केले: प्रकार, किरणाकृती, नियम, सूत्र, उपयोग. बाकं ओढायलाच अर्धा तास गेला. मग जो गलका उठला तो ऐकून शेजारच्या वर्गातून भाषेच्या बाईंनी तीनदा निरोप पाठवला, तुमच्या वर्गात शिक्षक आहेत का. तिसऱ्यांदा मी उलट निरोप पाठवला, आहेत, पण उपयोग नाही.

दुसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट झाली, आणि तिथून माझा डाव बिघडला. आपल्या वर्गात एक मुलगी आहे, जिला मी 'उपप्रश्न' म्हणतो, कारण तिच्या प्रत्येक शंकेला अ, ब, क असतात. ती आली आणि म्हणाली, "सर, चष्मा द्या ना." माझा चष्मा म्हणजे अंतर्वक्र भिंग, ग्रंथपाल बाईंचा वाचायचा म्हणजे बहिर्वक्र, दोन्ही हातात धरून दाखवायचे होते. दिला. (ग्रंथपाल बाईंनीही दिला आणि त्या दिवशी ग्रंथालयातून ज्याला जे पुस्तक हवं ते मिळालं नाही.) आता उणे सहाचा माणूस चष्म्याविना म्हणजे काय, तुला माहीत आहे. समोर पन्नास मुलांचं एक पांढरं-निळं धुकं. कोण बोलतंय दिसेना, त्यामुळे गप्प बसा म्हणायचं कुणाला तेही कळेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी वर्गात खुर्चीवर बसून नुसतं ऐकलं. आणि रंगारी, तो गलका नव्हता रे. खिडकीपाशी बसून सदान्‌कदा बाहेर बघणारा एक मुलगा आहे, त्याचं नावच 'खिडकी'. त्याला उपप्रश्न सांगत होती की सरांच्या चष्म्यातून अक्षर बारीक का दिसतं आणि बाईंच्या चष्म्यातून मोठं का. तो म्हणाला नाही कळलं. तिने पुन्हा वेगळं करून सांगितलं. तो परत म्हणाला नाही कळलं. माझ्यापुढे हा मुलगा चार वर्षांत 'नाही कळलं' असं एकदाही म्हणालेला नाही, तो नुसती मान हलवायचा आणि मी पुढच्या मुद्द्यावर जायचो. चौथ्यांदा त्याला कळलं. ते कळल्याचा आवाज मी ऐकला, आणि मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. मी तो धडा सव्वीस वेळा शिकवला आहे आणि नाकावरचा चष्मा काढायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मनापासून ही पद्धत करायला लागलो, आणि सांगायला हरकत नाही, इतक्या आनंदात मी नोकरी लागल्यावरही नव्हतो.

मग आली घटक चाचणी. पेपर तपासायला बसलो तेव्हा हातात चहा होता, तो पुढे अख्खा गार झाला. प्रश्न पहिला, बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढा. उत्तर: 'आमच्या गटात आकृती क्रमांक दोन काढतो. त्याची आकृती सुबक असते. कृपया त्याच्या पेपरात पाहावी.' दुसऱ्या पेपरात: 'मी क्रमांक पाच आहे. मला उपयोग येतात,' आणि खाली न विचारलेले अकरा उपयोग. तिसऱ्यात: 'आमचा क्रमांक चार तापाने घरी असल्यामुळे आमच्या गटाला सूत्र नाही.' एकाने तर चक्क बाणाने शेजारच्या बाकाची दिशा दाखवली होती. पोरं बनवाबनवी करत नव्हती, उलट इतका प्रामाणिक पेपर मी आजवर तपासला नाही. प्रत्येकाला आपला पाचवा हिस्सा तोंडपाठ होता आणि बाकीच्या चार हिश्श्यांविषयी गाढ विश्वास होता. शिकवताना ऐकायचे, कळायचंही, पण लक्षात ठेवायचं काम आपलं नाही अशी सगळ्यांची गोड समजूत. वर्गाची सरासरी ऐंशीपैकी एकोणीस.

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक, उद्यापासून पूर्वीसारखं फळ्यावर शिकवा, झालं गेलं विसरू. दोन, हीच पद्धत चालवा. पण मग सहामाहीत सरासरी गेल्या वर्षीच्या खाली आली, तर दहावी नव्या पदवीधर सरांकडे जाईल आणि तुम्हाला पाचवीचे तास आणि ग्रंथालयाच्या कपाटांची यादी. माझं एकच वर्ष राहिलंय. कोणीही शहाण्या माणसाने पहिला रस्ता धरला असता. मी म्हणालो, दुसरा. घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली की हात दाखवून अवलक्षण करायची तुमची खोड म्हातारपणी वाढत चालली आहे. (पाचवीची मुलं गोड असतात, पण त्यांच्या नाडीची गाठ, हरवलेलं खोडरबर आणि हललेला दात यांतून विज्ञानाला वाट मिळत नाही.) दहावी गेली तर मला फार लागेल रे. हे मी हिलासुद्धा असं सरळ सांगितलेलं नाही.

त्याच केबिनमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण पाचपैकी चारच भाग शिकलोय. मी तसं बोलून दाखवलं, आणि पुढच्या सभेत उभा राहून, इतिवृत्तात नोंद होईल अशा खड्या आवाजात सांगितलं की तिसरा कागद निवृत्त चित्रकला शिक्षकांनी सोबत नेला असून शाळेच्या आजच्या अवस्थेला तेच जबाबदार आहेत. बाई त्या वेळी खिडकीबाहेर फार बारकाईने बघत होत्या. मग शोध सुरू झाला. कवायतीचे सर म्हणाले, तिसरा भाग बहुतेक शिट्टीचा असणार. भाषेच्या बाईंच्या मते तो मूल्यांचा. संगणकाच्या सरांनी इंटरनेटवर शोधलं, तर कुठे चार तत्त्वं, कुठे पाच, कुठे सात, आणि तिसरं दर ठिकाणी निराळं. शिक्षण कार्यालयाला पत्र लिहिलं; त्यांनी तत्परतेने पाण्याची टाकी कशी धुवावी याच्या तीन पुस्तिका पाठवल्या. प्रशिक्षक बाई बाळंतपणाच्या रजेवर. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

शेवटी मी वर्गालाच सांगून टाकलं. म्हटलं, पोरांनो, यात एक भाग राहिलाय, तो काय आहे मला माहीत नाही, आणि तो नसल्यामुळे तुमचे एकोणीस आले. शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नाही हे ऐकून वर्ग प्रथमच आपोआप गप्प बसला. मग उपप्रश्नने हात वर केला. तिचं म्हणणं असं: खडूच्या रिकाम्या खोक्यात एक ते पाचच्या चिठ्ठ्या टाकायच्या. तास संपताना प्रत्येक गटासाठी एक चिठ्ठी काढायची. ज्याचा क्रमांक निघेल त्याने कोणत्याही भागाचं उत्तर एकट्याने द्यायचं, कुणी पुटपुटायचंसुद्धा नाही, आणि त्याला मिळतील ते गुण अख्ख्या गटाला. खिडकीने आधी बाहेर बघून घेतलं, पण त्याने हो म्हटलं. आता मधल्या सुट्टीत डबा खाताना चौघं मिळून पाचव्याला सूत्र विचारतात. खिडकीला तर पाणी प्यायला एकट्याने जायची सोय राहिलेली नाही. आजारी पडणाऱ्याच्या घरी गट जाऊन धडकतो. (एका आईने कळवलंय की ताप उतरला, आता गटही उतरवा.) मला हे बरोबर वाटतं. पण मला एकोणीसच्या आधीही सगळं बरोबरच वाटत होतं, तिथेच तर भीती आहे. सोमवारी सहामाहीचा विज्ञानाचा पेपर आहे.

बाकी स्टाफरूम तशीच. तुझे चित्रकलेचे तास कवायतीच्या सरांना दिलेत. ते मुलांना मैदानाच्या सीमारेषा आखायला नेतात. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही, कारण तिचा पाय मोडका आहे, पण मी ती दुरुस्तही करू देत नाही. तू गेल्यापासून दुपारच्या तासाला माझ्यावर हसणारं कुणी नाही. त्यामुळे मी स्वतःवर हसायला शिकतोय आणि ते काम तुझ्याइतकं चांगलं जमत नाही. वहिनींना नमस्कार, आणि तुझ्या कानांना त्यांच्या जागी असतील तर आशीर्वाद.

तुझा,
गप्पबसा

ता.क. खरं काम राहिलंच. तो कागद परत टपालाने पाठव. फेकला असशील तर आठवेल ते लिही. आठवत नसेल तर वहिनींना विचारून लिही. आणि बाईंचा फोन आला तर वहिनींकडे न देता स्वतः घे, आणि 'हो, माझ्याकडेच होता, चूक माझीच' एवढं मोठ्याने म्हण. इतिवृत्तात गेलंय, आता मागे घेता येत नाही. तू निवृत्त आहेस, तुझं कोण काय वाकडं करणार आहे?

ता.क. दुसरा. पाकिटावर पत्ता लिहायला घेतला. तू जाताना घाईघाईत एका कागदावर पत्ता आणि स्टँडपासून घरापर्यंतचा नकाशा काढून दिला होतास. झाड, पाण्याची टाकी आणि वळणावरचा झोपलेला कुत्रा इतका छान काढलाय की मी तो स्टाफरूममधल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. घर क्रमांक कॅलेंडरखाली गेला होता, म्हणून त्यानंतर आज पहिल्यांदा काच उचलली. कागद उलटला. मागे छापलंय, 'भाग ३'. पाच महिने माझ्याच कोपरांखाली होता. काखेत कळसा म्हणतात तोही निदान चालता-फिरता असतो. मी त्यावर रोज चहा प्यायलो. आणि त्यात लिहिलंय काय? 'गट मिळून शिकतो, पण उत्तर प्रत्येकाने आपलं आपण द्यायचं. शिक्षकाने कुणालाही, कधीही, कुठलाही भाग विचारावा.' म्हणजे पोरांनी अख्खं शोधून काढलं होतं, खडूच्या खोक्यासकट. आता ही ओळ वाचून तुझ्या माथी चूक ठेवणं काही जमेना. केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की चोराच्या उलट्या बोंबा होत्या, कागद माझ्याकडेच होता. बाईंनी कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, "हे मी त्याच दिवशी वाचायला हवं होतं." इतिवृत्त दुरुस्त झालं आहे. तू निर्दोष आहेस, निदान एवढ्या बाबतीत. पत्र फाडणार होतो, पण इतकं लिहिल्यावर जीव होईना.

ता.क. तिसरा. पत्र पाकिटात तसंच राहिलं, आज तेरा दिवस झाले. सहामाहीचे पेपर तपासून झाले. सरासरी गेल्या वर्षीपेक्षा दोन गुणांनी वर. दोनच, पण वर. दहावी माझ्याकडेच राहिली. खिडकीने किरणाकृती काढली, जरा वाकडी आहे, सूत्र लिहिलं, उदाहरण सोडवलं, आणि खाली कंसात लिहिलंय, 'हे मला स्वतःला येतं'. त्या कंसाला गुण देता येत नाहीत. मी दिला एक. बाईंना सांगू नकोस.

आणि एक. बाईंनी त्या कागदाच्या सर्व शिक्षकांसाठी प्रती काढायला सांगितल्या. शिपायाने इमानदारीत दोन्ही बाजूंच्या काढल्या. त्यामुळे आता शाळेत प्रत्येकाकडे तुझा पत्ता आहे, कुत्र्यासकट, आणि येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता सगळे चोवीस जण तुझ्याकडे येत आहेत. सहलीची कामं पद्धतशीर पाच भागांत वाटली. एक, गाडी. दोन, खाणं. चार, येताना गाणी. पाच, परतल्यावर वृत्तांत. क्रमांक तीनचं काम, तुला आधी कळवणं. ते माझ्याकडे आलंय, म्हणून शिपायाकडे न देता हे पत्र मी स्वतः टपालपेटीत टाकायला निघालोय. वहिनींना सांगायचा भाग मात्र तुझा.